निरोपाची फुलं

कानाझावा, ५ मार्च १९८७

ती. मिसाओआत्यास,
चिगुसाचा सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात मी नोकरी सोडल्याचं कळवलं, ते बरोबर नाही. नोबुहिदेशी लग्न ठरल्याचं मी विभागप्रमुख कुरातांना सांगितलं. ते म्हणाले, अभिनंदन, आता तुझी उणीव भासेल. मी अभिनंदनासाठी कमरेत वाकले. लग्न ठरलं की मुलीने काम सोडायचं ही इथली रीत, म्हणून त्यांनी वाकण्यालाच होकार मानलं. संध्याकाळपर्यंत निरोपसमारंभ ठरला, फुलंही सांगून झाली. सगळे इतके गोड बोलले की मलाही वाटलं, आपण सोडलीच असणार.

पण काल कारखान्यातल्या नव्या विणमागाचं, मी अर्धं काढलेलं रेखाचित्र ते माझ्याकडून काढून घेऊ लागले, तेव्हा हात सुटेना. मला ते पुरं करायचं आहे. पण आता नाही म्हटलं तर सगळ्यांचा अपमान होईल का? जीव थाऱ्यावर नाही.

आपली,
चिगुसा

नागाओका, ११ मार्च

चि. चिगुसास अनेक उ. आ.

शाळेआधी वाकायला तुला मीच शिकवलं. तोंड उघडायला शिकवायचं राहिलं, ती चूक माझी. माझं लग्न ठरलं तेव्हा टेलिफोन केंद्रातल्या नोकरीतून मलाही असाच निरोप मिळाला, सोबत फुलदाणी. तीत मी जेवणाच्या काड्या ठेवते. रोज दिसते आणि रोज राग येतो.

राजीनामा लिहून दिलास का? नसशील तर काहीच बिघडलेलं नाही. नोबुहिदे काय म्हणतो? की त्याच्यापुढेही नुसती वाकलीस? भात करपवणाऱ्या मुलीला घरी बसवून त्याचं तरी काय भलं होणार!

तुझी,
मिसाओआत्या

कानाझावा, १९ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

राजीनामा दिलेला नाही, देणारही नाही. नोबुहिदे म्हणाला, भात तो लावेल; कोणाचा जास्त करपतो ते बघू. कुरातांना आज सांगितलं, मी अभिनंदनासाठी वाकले होते. त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. मग म्हणाले, अशी मुलगी पाहिली नाही, पण आता फुलांचं काय करायचं?

त्यांना वाटतं, समारंभात मी विरघळेन आणि राजीनामा देईन. पुढच्या शुक्रवारी, २७ तारखेला, मी फुलं घेईन, आभार मानीन, वाकेनही. पण त्याआधी सर्वांसमोर सांगेन की मी नोकरी सोडत नाही. तुमच्या काड्या डब्यात ठेवा आणि फुलदाणी लगेच पाठवा. माया आहे तशीच असू द्या, थोडी धीट करून.

सोमवारी, ३० मार्चला सकाळी, ती फुलं आणि तुमची फुलदाणी घेऊन मी कामावर जाणार आहे.

आपली,
चिगुसा