आबांच्या खुब्यातली वाटी

आबा, आज गुरुवार, कंपनीला सुट्टी आहे. कुसगावच्या घरी मागच्या खोलीत खिडकीपाशी बसलेय. आई पडवीत पावटे सोलतेय. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली. या दहा वर्षांत मनातल्या मनात तुमच्याशी मी पुष्कळ बोलले, भांडलेही, पण एक गोष्ट दरवेळी बाजूला ठेवली. आज ती सांगणार आहे.

तुम्ही आठवता ते उभेच. लोणावळ्याच्या बाजारामागच्या त्या चिक्कीच्या कारखान्यात दिवसभर कढईपुढे उभे, नाहीतर ताटावर लाटणं फिरवत उभे. शाळा सुटली की मी तिथे येऊन शेंगदाण्याच्या पोत्यावर बसायची. एकदा तुम्ही पाणी प्यायला गेलात तेव्हा मी ओलं फडकं आणून गरम चिक्कीच्या लादीवर पसरलं. लवकर गार होईल, लवकर कापून होईल आणि आपण लवकर घरी जाऊ, एवढंच माझ्या डोक्यात होतं. लादी आडवी तडकली. तुम्ही हात उगारला नाहीत. तडकलेला तुकडा माझ्या हातात देऊन म्हणालात, "वरनं गार झालं, आतनं न्हाई झालं. आता ह्ये कुटंबी धरलं तरी फुटणार. घाई केलीस तू." तो सगळा माल मालकाने तुमच्या नावावर टाकला. तुम्ही घरी आईला काही बोलला नाहीत.

मी चौथीत असताना जुन्या हायवेवर टेंपोने तुम्हाला उडवलं. खुबा गेला. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नवा बसवला, मांडीच्या हाडात धातूचा गोळा आणि कमरेच्या हाडात पांढऱ्या प्लास्टिकची वाटी. चार महिन्यांनी तुम्ही पुन्हा कढईपुढे उभे होतात. डॉक्टरांनी जपून राहायला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, उभं राहाणं म्हणजे जपूनच की.

तळेगावजवळ वराळ्याच्या कंपनीत लागले तेव्हा मुलाखतीत मी सांगितलं होतं, वडिलांच्या खुब्यामुळे मला या कामाची ओढ लागली. ते खरं नव्हतं. प्लास्टिकचा डिप्लोमा झाला होता आणि लोणावळ्याहून लोकलने जाऊन-येऊन करता येईल अशी तेवढी एकच नोकरी होती. ओढ नंतर लागली. पिठासारखी पांढरी पावडर साच्यात दाबून तापवायची, तिची जाड लादी करायची आणि ती तासन्‌तास हळूहळू गार होऊ द्यायची. आमच्या साहेबांनी पहिल्या आठवड्यात विचारलं, ही इतकी सावकाश गार का करतो? मी म्हणाले, "वरून गार झाली आणि आतून नाही, तर पुढे फुटते." त्यांनी विचारलं, कुठल्या पुस्तकात वाचलंत? मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. चिक्कीच्या कारखान्याचं नाव घ्यायची मला लाज वाटली, आबा. तीही तुमच्यापुढे कबूल करते.

मला मिळालं ते झीज मोजायचं काम. लादीतून कोरून काढलेली वाटी यंत्रात बसवायची, तिच्यात धातूचा गोळा, भोवती शरीरातल्यासारखा कोमट पिवळसर द्रव. मग यंत्र माणसाच्या चालीने तो गोळा रात्रंदिवस फिरवतं. ठरावीक पावलं झाली की वाटी काढायची, धुवायची, वाळवायची आणि वजन करायचं. जेवढं वजन घटलं तेवढी वाटी झिजली. तेव्हा आमच्याकडे नव्या प्लास्टिकची चाचणी सुरू झाली होती. त्याला किरण द्यायचे, म्हणजे त्याच्या आतल्या लांबच लांब साखळ्या एकमेकींना घट्ट बांधल्या जातात आणि ते फार कमी झिजतं. जुनं, तुमच्या खुब्यातलं, तसं नव्हतं.

वर्षातून एकदा घरच्यांना कंपनी दाखवायचे. तुम्ही धुतलेली टोपी घालून आलात. बाकीचे लोक कँटीनमध्ये जेवायला गेले, तरी तुम्ही त्या यंत्रापुढेच उभे. काचेआड सहा गोळे सहा वाट्यांमध्ये डुलताहेत.

"बिनमाणसाचं चालतंय की ह्ये," तुम्ही म्हणता.

"व्हय," मी म्हणते. तुमच्याशी बोलताना मला ऑफिसातही व्हयच यायचं.

"माझ्यात हाय ती अशीच?"

"अशीच. थोडी जुन्या पद्धतीची."

तुम्ही काचेजवळ वाकता. मग विचारता, "आन्‌ ह्ये झिजल्यालं जातं कुटं?"

"त्या पाण्यात. आम्ही गाळून घेतो."

"न्हाई, माझ्यातलं."

मला उत्तर माहीत होतं. शरीराला गाळणी नसते. झिजलेला बारीक चुरा सांध्यातच साचतो, शरीर त्याला हटवायला जातं आणि त्या भरात भोवतालचं स्वतःचंच हाड खाऊ लागतं. सगळं मुकाट्याने चालतं, वर्षानुवर्षं दुखतही नाही. मी म्हणाले, "जातं निघून. चला, जेवण संपेल."

त्यानंतर सहा महिन्यांनी तुमची जांघ दुखायला लागली. लोणावळ्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, सगळं जागच्या जागी आहे म्हणाले, गोळ्या दिल्या. संध्याकाळी मी तो एक्स-रे याच खिडकीला लावून बघितला. प्लास्टिक एक्स-रेत दिसत नाही, गोळ्याभोवती त्याची मोकळी जागा दिसते. ती सगळीकडून सारखी हवी. तुमच्या गोळ्याच्या वरच्या बाजूला ती जवळजवळ उरलीच नव्हती आणि त्याच्या वरच्या हाडात काळे ढग होते, तिथलं हाड खाल्लं गेलं होतं. असे एक्स-रे आम्हाला ट्रेनिंगमध्ये दाखवले होते. मला दोन मिनिटंही लागली नाहीत.

तुम्ही दारात येऊन विचारलंत, "काय दिसतंय का?"

"काही नाही. वय झालं, आबा."

मी का बोलले नाही, ते सांगते. त्यातलं किती खरं आणि किती नंतर रचलेलं, हे आता मलाही नीट कळत नाही. नव्या वाटीची चाचणी आणखी तीन महिने चालणार होती. निकाल डोळ्यांपुढे दिसत होता, झीज नावालाच होती. मी मनाशी ठरवलं, चाचणी संपू दे, मग आबांना पुण्याला नेऊ, सगळं सांगू आणि माझ्या हातून तपासून निघालेली वाटी त्यांना बसवू. साहेबांजवळ शब्दही टाकला होता. तीनच महिने. सोळा वर्षं टिकलंय, तीन महिने टिकेल. यंत्र सोडून मला रजा मिळाली नसती असं नाही. मी मागितली नाही.

तुम्ही पडलात तेव्हा पाच आठवडे बाकी होते. सकाळची वेळ. आईने पडवीची फरशी नुकतीच पुसली होती. तुम्ही चहाचा कप ठेवायला उठलात, दोन पावलं टाकलीत आणि खाली बसल्यासारखे पडलात. मी डबा भरत होते. तुमचा आवाज आला नाही, कप फुटल्याचा आला.

पुण्याच्या सर्जननी मला बाहेर बोलावून सांगितलं, वाटीभोवतीचं हाड वाळक्या पावासारखं होऊन मोडलंय, स्क्रू धरत नाही, नवी वाटी बसवता येणार नाही. मग विचारलं, "याआधीचा एखादा एक्स-रे आहे का? कधीपासून असं आहे ते कळलं असतं."

"नाही," मी म्हणाले. तो इथे कपाटाच्या मागे होता.

तुम्ही सात आठवडे खाटेवर होतात. माझी चाचणी त्या काळातच पूर्ण झाली, वाटी पास झाली, पेढे वाटले. मी त्यातला एक तुमच्यासाठी आणला. तुम्ही अर्धा खाल्लात, म्हणालात, "चांगली झाली ना? मंग बास." छातीत पाणी झालं आणि तुम्ही गेलात. ती वाटी आज कितीतरी माणसांच्या खुब्यात आहे. तळेगाव स्टेशनवर कुणी म्हातारा जिना चढताना दिसला की मी त्याच्या मागे मागे चालते, कारण नसताना.

पण हे सांगायला मी बसले नव्हते. सांगायचं आहे ते आईचं. तुम्ही गेल्यापासून ती एकच वाक्य बोलते. भेटायला आलेल्या प्रत्येक बाईला, दरवर्षी तुमच्या तिथीला, आज सकाळी पावटे घेऊन आलेल्या शेजारच्या मावशींनासुद्धा. "म्याच पुसली हुती फरशी. जरा वाळू दिली आस्ती तर." मावशी म्हणाल्या, नशिबात होतं. आईने मान हलवली, "न्हाई, मी घाई केली."

मी आत चहा गाळत होते. बाहेर येऊन सांगायला हवं होतं की आई, फरशीने नाही. हाड आधीच गेलं होतं, ते कुठेही, कोरड्या जमिनीवरही मोडणार होतं, आणि ते मला माहीत होतं. एवढंच. दहा वर्षांत हे तिला सांगायचं जमलेलं नाही, कारण पहिला अर्धा भाग सांगितला की ती दुसरा विचारणार.

मघाशी ती दारात येऊन उभी राहिली. "येवढं काय लिवतीस?"

"कंपनीचं आहे."

"लिव, लिव," म्हणाली. जवळ आली, कागदावर वाकून बघितलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून परत पावटे सोलायला गेली.

तिला वाचता येत नाही, आबा. म्हणूनच मी हे लिहून काढलं.