घराचं छप्पर

ताईला आणि दाजींना धाकट्याचा नमस्कार, छकुलीच्या गालाला चिमटा.

मी मजेत आहे. बेकरीत भट्टीजवळ काम असल्यामुळे थंडी वाजत नाही. खोकलाही जवळजवळ गेलाय. दाजींची पाठ कशी आहे?

छकुलीची ओळ मिळाली: 'मामा, धरी कधी येणार?' खाली तू लिहिलंस, एवढी घोडी झाली तरी घ आणि ध कळत नाही, धपाटे घातले तरी. ताई, मारू नकोस गं. तिला सांग, घराला छप्पर असतं, म्हणून घच्या डोक्यावर अख्खी रेघ. धचं छप्पर अर्धं उडालंय. मग बघ, चुकायची नाही.

मला तरी इथली एक पाटी कुठे वाचता येते? दुकानं मी दारांच्या रंगावरून ओळखतो. परवा साबण समजून मेणबत्त्या आणल्या. हसायलाही कोणी नव्हतं.

तिची ओळ उशाशी चिकटवलीय. तिला घ जमला की शाबासकी दे, पण तो प्रश्न पुन्हा लिहायला लावू नकोस. 'धरी कधी येणार' वाचून मला हसू येतं. 'घरी कधी येणार' असं विचारलं तर काय लिहू?

तुझा,
धाकटा