बोडीतला माझा वाटा

बाबा, तुमचा मुलगा पाच वर्षं खासदार होता, हे तुम्हाला तिकडे कोणी सांगितलं की नाही, कोण जाणे. तुम्ही गेलात त्याच वर्षी जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, आणि बऱ्याच वर्षांनी दोन्ही जिल्ह्यांनी मिळून मला दिल्लीला पाठवलं. मी गावच्या शाळेत शिकलेला, मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी. मोठ्या लोकांच्या भांडणात कोणाच्याच डोळ्यांत न खुपणारा उमेदवार हवा होता, तो मी निघालो. आई म्हणाली, "जाय, पण तिकडचं पानी गरम करून पेजो." पहिल्या दिवशी सभागृहाच्या दारात वाकून उंबऱ्याला हात लावला आणि कपाळाला नेला, तुम्ही जाळं टाकण्याआधी आपल्या गावतळ्याच्या, बोडीच्या पाण्याला लावायचात तसा. दारावरचा शिपाई माझं काही पडलं असं समजून खाली शोधू लागला. जागा मागच्या बाकावर होती. गावतळ्यांतला गाळ काढण्यावर बोलायला उठलो आणि वेळ संपल्याची घंटी वाजली, तेव्हा मी अजून गाळातच होतो. पण आपल्याकडच्या बऱ्याच बोड्यांचा गाळ पुढे निघाला, हेही सांगतो.

लहानपणीचं अजून डोळ्यांपुढे आहे: उन्हाळ्यात बोडीचं पाणी उतरतं, सगळे मिळून जाळं ओढतात, आणि तुम्ही काठावर मासळीचे ढीग लावताय. रोहू इकडे, झिंगे तिकडे, पुन्हा एक उचलून तिसऱ्या ढिगात. जो पाण्यात उतरला त्याला वाटा, आणि जो वाटे पाडतो त्यानं सगळ्यांचं झाल्यावर उरलेला उचलायचा. मी मोठ्या रोहूच्या ढिगावर हात ठेवतो आणि तुमचा ओला फटका बसतो. "आपला हात शेवटी, लेका."

खासदार झाल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात बोडीवर गेलो, पांढऱ्या कपड्यांत. तुमच्यानंतर वाटे काका पाडायचे. त्यांनी प्लास्टिकची खुर्ची पुसली. "बसा साहेब, चहा घ्या." सख्खा काका मला साहेब म्हणाला. चहात साखर भरपूर होती, वाटा मात्र नव्हता. बरोबरच होतं, मी पाण्यात उतरलो नव्हतो. येताना अड्याळच्या बाजारातून मासळी घेतली, तर तुमची सून पिशवीत डोकावून म्हणाली, "खासदाराच्या घरी इकतची मच्छी!" पुढची वर्षंही तशीच गेली, खुर्चीत.

दुसऱ्या निवडणुकीत चांगलाच पडलो. त्याचं दुःख फार टिकलं नाही. धास्ती होती ती उन्हाळ्याची. बोडीत आपला वाटा उरलाय, की नुसती खुर्ची?

त्या सकाळी जुनी लुंगी नेसून गेलो. पाण्याला हात लावला, कपाळाला नेला, उतरलो. शेजारची वहिनी काठावरून ओरडली, "भाऊजी, जाळं ओढा, भाषण नका देऊ!" सगळी बोडी हसली. दोनदा घसरलो, नाकातोंडात चिखल गेला, पण जाळं सोडलं नाही. जाळं काठाला लागलं तेव्हा काका म्हणाले, "आता माह्यानं वाकनं होत नाही. वाटे तू पाड."

मी तुमच्यासारखाच पाडत बसलो, इकडचा मासा तिकडे. वहिनी म्हणाली, "पाच वर्सं दिल्लीत हेच केलं का? मच्छी सडून राहिली ना!" शेवटी एकेकानं आपापला ढीग उचलला, आणि जमिनीवर नुसते ओले डाग राहिले. माझ्यासाठी ढीगच नव्हता.

मग काका पोट धरून हसले. "काहून बे, सोताले मोजलंच नाही का? दिल्लीनं पार येडा करून धाडला याले!" आणि त्यांनी आपल्या टोपलीतला एक मासा माझ्या टोपलीत टाकला. वहिनीनं झिंग्यांची मूठ टाकली. मग एकेक करून सगळ्यांनीच. शेवटी माझी टोपली सगळ्यांत जड झाली. हाताला तुमचा फटका बसेल असं वाटून मी आजूबाजूला पाहिलंसुद्धा.

तेव्हापासून वाटे मीच पाडतो, आणि काका मला साहेब म्हणत नाहीत, 'बे' म्हणतात. हे पत्र टाकणार कुठं? तुमची राख वैनगंगेत सोडली, म्हणजे पत्ता वाहता. घडी करून देवाच्या फोटोमागे ठेवतो. फक्त एक सांगून ठेवतो, काकांना कधी सांगणार नाही. त्या दिवशी मी स्वतःला मोजायला विसरलो नव्हतो. माझा ढीग लावायची हिंमत झाली नव्हती.