घाईची ज्वारी

४ नोव्हेंबर

आले एकदाची! सावेडीहून निघताना अम्मीने डब्यात इतकं भरून दिलं की अर्धी एसटी जेवली असती. काष्टीच्या पुढे, उसाच्या फडांमध्ये, बियाणे कंपनीचं हे संशोधन शेत. राहायला दोन खोल्या, दारात कडुलिंब, नळाला पाणी. आणखी काय हवं?

वैजनाथ सर, इथले प्रमुख, स्वतः गेटवर घ्यायला आले. हरितगृहात काम करणाऱ्या दगडाबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, लई बारीक हाय पोरगी, वाऱ्यानं उडंल.

काम मनासारखं आहे. ज्वारीचा ताजा दाणा काढणीनंतर काही काळ झोपून राहतो, लगेच उगवत नाही. नवं वाण काढायला पिढ्यांमागून पिढ्या घ्याव्या लागतात आणि प्रत्येक पिढीत ही झोप आडवी येते. म्हणून तर वाण शेतकऱ्याच्या हाती पडायला वर्षानुवर्षं लागतात. सरांच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेने जीनोम एडिटिंग करून झोपेचं ते जनुकच कापून टाकलं आहे. फुलोराही लवकर येतो. मी फक्त दिव्यांच्या उजेडात पिढ्या वाढवायच्या आणि चांगली झाडं निवडायची. दुष्काळी भागासाठी इतक्या लवकर वाण मिळणार असेल तर मी इथे जन्मभर राहायला तयार आहे.

१५ नोव्हेंबर

सकाळी पेरलेल्या दाण्याला संध्याकाळी मोड! मी हसतच सुटले. दगडाबाईंनी हिचं नाव ठेवलंय 'घाईची ज्वारी'. आता सरही तेच म्हणतात.

२९ नोव्हेंबर

आज पहिल्यांदा वैताग आला. मी येण्याआधी लावलेल्या झाडांच्या कणसांवरच दाणे उगवताहेत. हिरव्या कणसातून पांढरी मुळं बाहेर लोंबतात, म्हाताऱ्याच्या दाढीसारखी. झोप काढून टाकली म्हणजे हे होणारच, थोडी तरी झोप परत द्यायला हवी, असं मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, हवेत ओल जास्त झाली असेल, फवारे बंद करा. फवारे मी आठवड्यापूर्वीच बंद केलेत. ऐकतंय कोण?

८ डिसेंबर

भट्टीत वाळवून पाकिटात बंद केलेलं बी माझ्या टेबलाच्या खणात होतं. खणात पाण्याचा थेंब नाही. आज उघडला तर पाकिटं फाटलेली आणि मुळं सगळी एका कोपऱ्यात गेलेली. तिथे एक पाल होती. म्हणजे तिचं कातडं होतं. मुळं तिच्या तोंडातून आत शिरली होती आणि आतलं सगळं शोषून झालं होतं.

या ज्वारीला पाणी द्यावं लागत नाही. ती शोधून घेते.

फोटो पुण्याला पाठवले. उत्तर आलं की कीड-नियंत्रणाचा विषय वेगळ्या विभागाकडे कळवावा. मी मोबाईल पलंगावर फेकला.

१७ डिसेंबर

दगडाबाईंची शेळी मेली. छाटून टाकलेली कणसं तिने खाल्ली होती. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, कोवळी ज्वारी विषारी असते, पोट फुगलं, त्यात नवल काय. मी हट्टाने पोट उघडायला लावलं. आत मुळांचा गच्च पांढरा गोळा, घोंगडीसारखा विणलेला, आणि त्यातून वर, घशाच्या दिशेने निघालेले पिवळे कोंब. डॉक्टर हात धुवायला गेले आणि बराच वेळ धूतच राहिले.

दगडाबाई रडत म्हणत होत्या, पोटची पोर हुती माझी ती.

सरांनी मला बाजूला घेतलं. गावात बोभाटा करू नका, एवढंच म्हणाले.

२३ डिसेंबर

सगळी ज्वारी जाळून टाकायची परवानगी मागितली. नाही. वरच्यांना फोन केला. सरांमार्फत बोला. सरांशी बोलले तर त्यांनी उलट रविवारचा बेत सांगितला. पुण्याहून पाहुणे येणार आहेत, याच ज्वारीची हुरडा पार्टी!

मी अक्षरशः ओरडले, "सर, शेळीच्या पोटात काय होतं ते तुम्ही पाहिलंत ना?"

"शेळीने कच्चं खाल्लं. आपण भाजून खाणार."

"हुरडा अर्धवट भाजतात. आत दूध तसंच राहतं."

"मॅडम, तुमच्या वयात मीही असाच घाबरट होतो," असं म्हणून ते हसले.

भिंतीशी बोलले असते तर निदान भिंत हसली नसती.

२८ डिसेंबर

झाला हुरडा. सकाळच्या उन्हात आगटी पेटली, गोवऱ्यांचा धूर, शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. दगडाबाई कणसं चोळून गरम दाणे सुपात पाडत होत्या, मधूनच चार तोंडात टाकत होत्या, आणि सर, पाहुणे बोटं चाटत होते. मी लांब उभी होते. सर सगळ्यांसमोर ओंजळ घेऊन आले, खा मॅडम, तुमचीच ज्वारी. सगळे बघत होते. एक घास खाल्ला.

गोड होती. इतकी गोड ज्वारी मी कधी खाल्ली नव्हती.

जाताना प्रत्येक पाहुण्याला पिशवीभर हुरडा दिला.

२९ डिसेंबर

काल थोडे भाजलेले दाणे बशीत ठेवले होते. कोरड्या बशीत.

मोड आलेत.

पाहुण्यांना एकेक करून फोन लावले. पिशव्या जाळून टाका म्हटलं. एक जण हसले. एकांनी विचारलं, आणखी मिळेल का. एका बाईंनी तक्रार केली की मुलांना परवापर्यंतही पुरणार नाही.

३१ डिसेंबर

तहान. हंडाभर पाणी पोटात जातं आणि जीभ कोरडीच. दगडाबाईंचंही तेच. दवाखान्यात ॲसिडिटीची गोळी दिली. मी डॉक्टरांना सगळं सांगितलं, पालीपासून. त्यांनी शांतपणे विचारलं, झोप नीट लागते का.

२ जानेवारी

सर बेसिनपाशी खोकत होते. तोंडातून पांढरा दोरा लोंबत होता. त्यांनी तो ओढला. येतच राहिला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदा म्हणाले, तुम्ही सांगत होतात—

त्यांना गाडीत घालून श्रीगोंद्याच्या दवाखान्यात नेलं.

३ जानेवारी

कुणाला विचारलं नाही. डिझेल आणलं, भरदुपारी हरितगृह पेटवलं. दगडाबाई सोबत होत्या. बोलता येत नव्हतं त्यांना, पण डबा त्यांनीच ओतला. सगळं जळलं. राख ओली करून पाहिली. काही उगवलं नाही. पूर्ण राख झाली की संपतं, एवढं तरी कळलं.

पण पिशव्या—

५ जानेवारी

सर गेले. श्रीगोंद्यात अग्नी दिला. फोनवर सांगणाऱ्याने म्हटलं, अन्नातून विषबाधा. मी सांगायला लागले तर आवाज फुटेना. त्याने फोन ठेवला.

दगडाबाई घराबाहेर उन्हात बसून आहेत. तोंड उघडं. डोळे मला ओळखतात.

६ जानेवारी

दातांच्या फटीत काहीतरी. ओढलं. घशात खोल कुठेतरी दुखलं.

खिडकीपाशी कधी येऊन उभी राहिले कळत नाही. मान आपोआप उजेडाकडे वळते. परत वळवते. परत—

७ जानेवारी

अम्मीचा मेसेज. निघालीये, घरी घेऊन जाते. बोलता येत नाही. येऊ नकोस लिहिलं. तिने पाहिलंच नाही.

दार आतून लावलंय.

आमच्यात जाळत नाहीत. मला मातीतच ठेवतील, अब्बांच्या शेजारी. ओली, मऊ माती. ज्वारीला तेच हवंय. तिथून ती—

नाही. अम्मीसाठी लिहून ठेवते. हात ऐकतोय तोवर.

८ जाने

दार वाजतंय. माझं नाव घेतेय. रडतेय

अम्मी हे वाच. आधी हे. जाळून टाक मला. गुन्हा माझा, तुझा नाही. कुणी काही म्हणालं तरी ऐकू नकोस

हात ऐकत नाही, उन्हाकडे जातो— पेन धरवत—

अम्मी, मला माती दे