रॉस्को पिंकनीचे विश्वविक्रम

२ सप्टेंबर १९१३, कॅन्सस
आज पुन्हा विश्वविक्रम! जत्रा बदलली की रॉस्को पिंकनीचा विक्रम नवा. घड्याळ त्याच्याच मॅनेजरच्या हातात, मग काय.

मोटारींच्या शर्यतीआधी स्वारी गाडीवर उभी राहून बायकांना हात हलवते. मी शेजारच्या गाडीत — ‘फ्रान्सचा सरदार’. मिशा चिकटवलेल्या. फ्रेंचचा एक शब्द येत नाही. काम एकच: शेवटच्या वळणापर्यंत पुढे राहायचं, मग गाडी बाहेरच्या अंगाला काढायची, आतून साहेबांना वाट द्यायची. लोक टोप्या उडवतात. लोक खुळे, आणि हा त्याहून खुळा — हल्ली त्याला खरंच वाटतं की तो जिंकतो!

५ सप्टेंबर
उद्या माझ्याच गावची जत्रा. बाबा येणार. त्याच मैदानावर त्यांनी उभा जन्म शर्यतीचे घोडे हाकले. मोटारीला ते डबडं म्हणतात. त्यांच्यासमोर हरायचं?

रॉस्कोला म्हटलं, "उद्या एकदा मला जिंकू दे. म्हातारा बघायला येतोय."

"सरदारसाहेब, लोक पिंकनीला बघायला येतात. म्हाताऱ्याला म्हणावं, मिशा बघून जा."

वर मांडीवर थाप मारून हसला. नालायक. उद्या मी गाडी बाहेरच्या अंगाला काढत नाही. बघतोच, वाट दिल्याशिवाय कसा जिंकतो ते.

६ सप्टेंबर
जिंकलो!

शेवटच्या वळणावर तो सवयीने आतून घुसला. मी हललो नाही. गेला आतल्या कुंपणात — फळ्या उडाल्या, गाडी उलटली. दवाखान्यात नेलाय. पाय कापावा लागेल म्हणतात.

वाट मिळाली नाही तर गाडी आवरत नाही, आणि हा म्हणे विश्वविजेता! मला काही वाईट वाटत नाहीये. मुळीच नाही.

बाबा मैदानात भेटले नाहीत. घरी आलो तर तबेल्यात घोड्याला खरारा करत होते. मी जिंकलो म्हटलं. मान वर केली नाही.

७ सप्टेंबर
सकाळी बाबा बोलले.

"त्याचं चाक तुझ्या चाकाला लागणार होतं. लागतं तर तू मेला असतास. त्यानं जाणूनबुजून गाडी कुंपणावर घातली. मी वळणावरच उभा होतो."

मग कोट चढवला. कुठला दवाखाना ते विचारलं. मला ‘चल’ म्हणाले नाहीत.