सात वाजताची कचऱ्याची गाडी

ताइनान, सोमवार

ती. चुन-जीताईस,

धाकट्या युए-ज्यावचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला? सगळं ठीक असेल असं धरून चालते, कारण माझ्याकडे धीर नाही. माझी तब्येत रक्तदाब सोडला तर उत्तम आहे, आणि तो रक्तदाब तुझ्या भाच्यानं वाढवलाय. खुर्ची ओढून बस.

तुला ठाऊकच आहे, नववर्ष उरकलं आणि वनपिननं (पोटचा एकुलता एक, मीच डोक्यावर बसवलेला) मला गल्लीतून उचलून या बारा मजली इमारतीत आणून ठेवलं. "आई, इथं तुला काही म्हणजे काही करावं लागणार नाही!" खरंच लागत नाही गं. कचरासुद्धा टाकावा लागत नाही. तळघरात एक गारढोण खोली आहे, तिथं वाटेल तेव्हा पिशवी ठेवायची. ना गाडी, ना गाडीची धून, ना माणूस. पहिल्याच दिवशी पिशवी ठेवली आणि दिवा आपोआप विझला. अंधारात मी आणि खरकटं. याला म्हणे सोय!

गल्लीत ती पिवळी गाडी सातला वाजत-गाजत वळायची. मी साडेसहालाच कोपऱ्यावर हजर. आ-फंग (केस कापते; कात्रीपेक्षा जीभ धारदार) नवऱ्याची गाऱ्हाणी आणायची. म्हातारे को शिंपी वासावरून सांगायचे, "युए-ज्याव, आज मासा करपला वाटतं!" हे गेले तेव्हा पंधरा दिवस मी कुणाशी बोलले नाही, पण सातला पिशवी घेऊन उतरायचेच, कारण कचरा काही कुणाच्या सुतकासाठी थांबत नाही. को काका काही न विचारता माझी पिशवी गाडीत टाकायचे. चाळीस वर्षांचं हे सुख, आणि पोरानं ते 'त्रास' म्हणून मोडीत काढलं!

मग मीही हट्टी. गेल्या महिन्यापासून पिशवी घेऊन बसनं गल्लीत जायला लागले. चौथ्या दिवशी बसमध्येच पिशवी फाटली आणि माशाचं डोकं थेट ड्रायव्हरच्या पायाशी गेलं. तो म्हणाला, "आजी, एकतर हा उतरेल, नाहीतर मी." आम्ही दोघं उतरलो, मी आणि मासा. तिथून पळत सुटले. गाडी निघालेली, पण आ-फंग हात पसरून तिच्यापुढं उभी राहिली आणि ओरडली, "दम धरा! माझी मैत्रीण येतेय!" मागं दहा स्कूटर भोंगे वाजवतायत, मी हातात मासा घेऊन धावतेय... सहा महिन्यांत एवढी हसले नव्हते.

इथल्या व्यवस्थापक चानसाहेबांनी (कॅमेऱ्याला डोळे लावून बसलेला इसम) मात्र वनपिनला कळवलं, की तुमच्या मातोश्री रोज संध्याकाळी कचरा घेऊन घर सोडून जातात. दुसऱ्या दिवशी मला उचलून थेट स्मरणशक्तीच्या डॉक्टरकडे! तो म्हणाला, "पेरू, छत्री, आगगाडी. पाच मिनिटांनी परत सांगा." मी सांगितलं. वर हेही सांगितलं, की तुमच्या टेबलाखालच्या टोपलीत एकाच दुकानाचे तीन डबे आहेत आणि तिन्हींत तुम्ही पालेभाजी टाकून दिलीय. डॉक्टर लाजला. म्हणाला, "यांचं डोकं माझ्याहून शाबूत आहे. त्या का जातात, हे विचारलंत का त्यांना?"

विचारलं नाहीच. येताना एक वही घेतली. वर हसरं मांजर, खाली अक्षरं: 'छोटे छोटे आनंद'. "आई, रोज तीन लिहायचे हं. आनंद छोट्या गोष्टींत असतो." माझा होता तो काढून घेतला आणि वर मलाच वही! त्याच रात्री लिहिलं. एक: वनपिनचा फोन आला नाही. दोन: चानसाहेबांची लिफ्ट अडकली. तीन: चानसाहेब आत होते.

ताई, तू त्याची मोठी मावशी. फोन करून चांगला कान उपट. मी त्याच्याशी बोलणं सोडलंय.

तुझी संतापलेली,
युए-ज्याव

ता. क. : खरं काम सांगायचं राहिलंच. एकट्या बाईचा कचरा तो केवढा! तीन दिवसांत पिशवीचा तळ झाकत नाही, आणि रिकाम्या पिशवीनं चारचौघांत कशी उभी राहू? तेव्हा शेतावरून काही धाडशील तर पपनसं सोलून धाडू नकोस. शेंगा टरफलांसकट, बांबूचे कोंब सालींसकट हवेत.

ता. क. २ : पत्र टाकायचं राहून गेलं, ते बरंच झालं. वनपिनला फोन करू नकोस. काल मंगळवारी गल्लीत पोचले, तर मागून हा! ऑफिसचे बूट, हातात पिशवी, पिशवीत कागदाचे दोन पेले. को काकांनी वास घेतला. "कॉफी! पोरा, तुझ्या घरी चूल पेटत नाही का?" आ-फंगनं भर रस्त्यात त्याच्या केसांचा पंचनामा केला. गाडी गेली तरी हा हलेना, लहानपणी आम्ही तिघांनी मिळून त्याला कसा मार दिला होता ते ऐकत उभा. परतताना बसमध्ये हळूच म्हणाला, "आई, उद्याही येऊ?" मला बोलावं लागलंच. म्हटलं, "उद्या बुधवार. बुधवारी गाडी नसते, एवढंही ठाऊक नाही? परवा ये. आणि असली पिशवी आणून माझी अब्रू घालवू नकोस."

तेव्हा पपनसं दोन घरांना पुरतील एवढी धाड.