दारावरचा माणूस

तीर्थरूप बाबा, शारजाहून सुमेधाचा वाकून नमस्कार.

इथे सगळं ठीक. तुमचे जावई सदा ऑफिसात, नात सदा इंग्रजीत.

शाळेसाठी ईरानं चारशे वर्षांपूर्वीचं लंडनचं नाटकघर बनवलंय, पुठ्ठ्याचं. तिथे म्हणे रोज वेगळं नाटक लागायचं! दारावर पैशांचा डबा धरलेला माणूस आहे. त्याला तिनं तुमच्यासारखा चष्मा काढला. “दॅट्स आजोबा!”

तुम्हीही जन्मभर बुकिंगच्या खिडकीत बसून नाटकं नुसती ऐकलीत. टाळ्यांवरून कुठला प्रवेश चाललाय ते सांगायचात. मला हसू यायचं.

आईचे गुडघे कसे आहेत? खरं सांगा.

आणि रविवारी बोलणं झालं की फोन लगेच बंद करू नका. ओट्यावर तसाच राहू द्या. कुकर, भांडी, आईची चिडचिड... आत काय चाललंय ते आता मलाही ओळखता येतं.

तुमचीच,
सुमेधा